घोलवडची सोयरीक

डहाणूला जायचे ते चिक्कू आणायला, एवढेच आम्हा मुंबईकरांना ठाऊक. मी मात्र गेल्या दिवाळीत तिकडे गेलो तो भाचीला भेटायला. आणि तेही तिच्या लग्नाला सात वर्षे उलटून गेल्यावर. सख्ख्या मामाला भाचीचे घर पाहायला सात वर्षे का लागावीत, हे आधीच सांगून टाकतो. लपवण्यासारखे आता त्यात काही उरलेले नाही.

भाची दापोलीच्या कृषी विद्यापीठात शिकत होती. तिच्याच वर्गात घोलवडचा एक इराणी मुलगा होता. घरची चिक्कूची वाडी. दोघांचे जमले. आमच्यासारख्या पांढरपेशा घरात अशा वेळी जे होते तेच झाले. बहीण आठ दिवस रडली, मेहुणे आठ दिवस बोलले नाहीत, आणि नवव्या दिवशी दोघांनी होकार दिला. मी दिला नाही. २०१७ साली विशेष विवाह कायद्याखाली, म्हणजे १९५४ च्या कायद्याखाली, लग्न नोंदले गेले. तीस दिवसांची नोटीस कचेरीच्या भिंतीवर लागली, तीन साक्षीदारांनी सह्या केल्या. मी कळवून टाकले, 'तिथे अंतरपाट नाही, मंगलाष्टके नाहीत. मग मुलीच्या मागे उभा राहायला मामा हवा कशाला?' उत्तर बिनतोड आहे असे तेव्हा मला वाटले होते.

खरे कारण निराळे होते. लग्नकार्यात लोक विचारणार, 'भाचीला कुठे दिलीत?' आणि मी सांगणार, 'इराण्याकडे!' आमच्या नात्यातल्या एका वृद्ध बाईंनी तर तिला फोनवर विचारले, "तुला आता नमाज पढावा लागतो का ग?" इराणी म्हणजे मुसलमान, नाहीतर हॉटेलवाला, तिसरा इराणी आमच्यापैकी कुणी पाहिलाच नव्हता. यझदच्या बाजूने आलेले, झरथुष्ट्राला मानणारे आणि डहाणू-घोलवडच्या पट्ट्यात पिढ्यान् पिढ्या बागायत करणारे इराणीही असतात, हे मला माहीत नव्हते. माहीत करून घेण्याची इच्छाही नव्हती. सात गणपती आले आणि गेले, मी त्या दोघांना दर्शनाला बोलावले नाही. शेवटी गेल्या वर्षी बहीण म्हणाली, "माझं काही कायम नाही रे. माझ्यामागे तिला माहेर म्हणून तूच उरशील. एकदा जाऊन तरी ये." वसुबारशीच्या आदल्या दिवशी मी निघालो.

२०१३ पासून लोकल गाडी थेट डहाणू रोडपर्यंत जाते. विरार सुटले, वैतरणेचा पूल मागे पडला की डब्यातली भाषा बदलू लागते. सफाळ्याला मराठी, पालघरला मराठीत थोडी गुजराती, आणि वाणगाव येईपर्यंत शेजारच्या दोन बायका अशा भाषेत बोलू लागल्या, की क्रियापद मराठी आणि बाकी सगळे गुजराती. मी कान देऊन ऐकत होतो. भांडण भाच्याच्या लग्नातल्या आहेराचे होते, म्हणजे विषय तरी ओळखीचा!

डहाणूला उतरून रिक्षा केली. पारनाका ओलांडला की डाव्या हाताला समुद्र आणि सुरूची झाडे, उजव्या हाताला वाड्या. दुकानांच्या पाट्यांवर मराठीच्या जोडीला गुजराती; गावात एक रस्ता तर इराणी रोड याच नावाचा. चिक्कूच्या झाडाला पाहण्यासारखे काही नसते असे मला वाटत असे. पण ती वाडी आत शिरून पाहावी. भरदुपारी खाली संध्याकाळ असते. डहाणू-घोलवडच्या या फळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, असे रिक्षावाल्याने मला अभिमानाने सांगितले आणि त्याबद्दल वीस रुपये जास्त घेतले.

आता जे सांगायचे आहे ते सांगताना अजूनही माझे कान तापतात.

घर जुने, कौलारू, पुढे लांबलचक ओटा. ओट्यावर एक म्हातारी वारली बाई चिक्कूची प्रतवारी करीत बसली होती. गुडघ्यापर्यंत नेसलेले लुगडे, गळ्यात मण्यांची माळ, पाय अनवाणी. मी पायरीशी बॅग ठेवली आणि म्हणालो, "बाई, एवढी बॅग आत नेऊन ठेवा. आणि बाईसाहेबांना सांगा, मुंबईचे मामा आलेत. जरा पाणीही आणा." म्हातारी उठली. माझ्याकडे एकदा नीट पाहिले, बॅग उचलली आणि आत गेली. थोड्या वेळाने पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. तिच्यामागून धावत माझी भाची. तिने माझ्या पायांना हात लावला आणि उठता उठता त्या बाईंना म्हणाली, "डोशीमा, तुम्ही कशाला बॅग उचललीत?" मग माझ्याकडे वळून, "मामा, या माझ्या आजेसासूबाई."

तांब्या माझ्या हातात तसाच राहिला. डोशीमा मात्र हसत होत्या. तोंडात चार-पाच दात, पण हसणे अगदी लख्ख. त्या म्हणाल्या, "पाव्हणा दमून आला. पानी तरी पिऊ दे त्याला."

मी सात वर्षे जो रुसून बसलो होतो तो इराणी सोयरिकीवर. या घरात वारली सोयरीकही आहे हे मला ठाऊकच नव्हते. बहिणीला ठाऊक होते. पण माझा स्वभाव जाणून तिने एका वेळी एकच धक्का द्यायचे ठरवले असावे.

रात्री भाचीशी बोलताना मी माफी मागू लागलो. ती म्हणाली, "मामा, तुम्ही पहिले नाही आणि शेवटचेही नाही. आमच्याकडे हे रोजचंच आहे." तिचा मुलगा रंगाने बापावर गेला आहे, गोरा आणि भुऱ्या केसांचा. डोशीमा त्याला घेऊन बाजारात गेल्या की लोक त्यांना विचारतात, 'कुण्या शेटचा पोरगा सांभाळतेस?' तोच मुलगा आईबरोबर मुंबईला आला की गाडीतल्या बायका कौतुकाने विचारतात, 'मिस्टर कुठले, काश्मीरचे?' आणि इराणी म्हणताच पुढचा प्रश्न ठरलेला, 'मग हॉटेल कुठे आहे तुमचं?' भाचीच्या सासूबाई उदवाड्याच्या पारशी. तिकडचे नातेवाईक इराण्यांना जरा रांगडेच समजतात. त्यांच्या मानाने इराणी म्हणजे खेड्यातले भाऊबंद. "म्हणजे मामा, आमच्या घरात प्रत्येकाला कुणी ना कुणी नाक मुरडलेलं आहे. कुणाची पाळी आज, कुणाची उद्या."

जावयाचे मी काय करावे? सिनेमातल्या पारशी-इराण्यासारखा तो 'अरे डिकरा' वगैरे म्हणेल आणि मला त्याची थोडी गंमत वाटेल, अशी माझी तयारी होती. त्याने मला चोख मराठीत विचारले, "मामा, प्रवासात त्रास नाही ना झाला?" बोर्डीच्या शाळेतून तो शिकला, बापाशी गुजरातीत, आजीशी वारलीत आणि मजुरांशी लागेल त्या भाषेत बोलतो. मला चक्क थोडी निराशा वाटली. आपल्या मनातल्या चित्राशी माणूस जुळला नाही की आपण त्या माणसावरच नाराज होतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे उंबऱ्यावर एक मजेदार देखावा पाहिला. भाची रांगोळीचा डबा घेऊन बसली होती. तिच्या सासूबाई चुन्याच्या भुकटीने भरलेली, तळाला नक्षीदार भोके पाडलेली पत्र्याची डबी उंबऱ्यावर आपटून मासळ्या उमटवत होत्या. पारशी घरांत याला 'चोक' म्हणतात. आणि भिंतीकडेला डोशीमा तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगात बोट बुडवून झाडे काढत होत्या. वारल्यांच्या लग्नात भिंतीवर सवाशिणी देवीचे जे चित्र लिहितात त्याचेही नाव चौकच. जागा एकच आणि चौक तीन! "तुझं कमळ माझ्या माशावर चढलं," "डोशीमांच्या झाडाने माझी वाट अडवली," अशी कुरबूर चालली होती, ती कुठल्याही एकत्र कुटुंबातल्या सकाळसारखीच. याच तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांना या चित्रांसाठी २०११ साली पद्मश्री मिळाली. ते सांगून मी आपली विद्वत्ता दाखवली. डोशीमांनी विचारले, "चौक लिहायचा तो बाया. मग पुरुषाला कसं दिलं?" मला उत्तर सुचले नाही.

डोशीमांची हकीकत मी त्यांच्याच तोंडून ऐकली. त्यांची बोली मला अर्धीच कळे, उरलेले भाची सांगे. ते माझ्या मराठीत देतो.

त्यांचे माहेर तलासरीकडच्या एका पाड्यावर. बाप लग्नगडी. हा शब्द शहरातल्या वाचकाला समजावून द्यायला हवा. लग्नाला पैसे नाहीत म्हणून वारल्याने जमीनदाराकडून कर्ज काढायचे आणि ते फेडण्यासाठी नवराबायकोने त्याच्याकडे राबायचे. फिटले असे कुणी सांगेपर्यंत राबायचे आणि सांगणारा जमीनदारच. १९४५ च्या मे महिन्यात झरीला किसान सभेची परिषद भरली. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या मागे वारली उभे राहिले, वेठ मोडली आणि लग्नगडी मोकळे झाले. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला. त्यात पडलेल्यांत जेठ्या गांगड होता. डोशीमा तेव्हा पाच वर्षांच्या. त्यांना एवढेच आठवते, की एक दिवस बाप कामावर गेला नाही आणि त्याला हाक मारायला कुणी आले नाही.

सतराव्या वर्षी त्या या वाडीवर फळे तोडायला आल्या. मालकाच्या मुलाचे मन त्यांच्यावर बसले. इथे मी थोडा अडखळलो, आणि वाचकही अडखळतील. परुळेकरबाईंचे 'जेव्हा माणूस जागा होतो' ज्यांनी वाचले आहे त्यांना ठाऊक आहे, की या भागात मालक आणि वारली बाई यांचे संबंध बहुधा कसल्या जातीचे असत. मालक सगळ्या धर्मांचे होते आणि त्या बाबतीत त्यांच्यात फारसा भेद नव्हता. डोशीमांनीही काही झाकून ठेवले नाही. पहिली चार वर्षे त्या मागच्या खोलीत राहिल्या. दोन मुले झाली. मग १९६१ साली तो इराणी तरुण त्यांना ठाण्याला घेऊन गेला आणि त्याने लग्न नोंदवले. कायदा तोच, १९५४ चा, ज्याखाली माझ्या भाचीचे लग्न झाले. तो कागद घरात झरथुष्ट्राच्या तसबिरीमागे प्लास्टिकच्या पिशवीत आहे. डोशीमांना वाचता येत नाही. तरी दर दिवाळीला झाडलोट करताना त्या तो काढतात, पुसतात आणि परत ठेवतात. त्या म्हणाल्या, "कागद नव्हता तोवर मी शेटची बाई. कागद झाला मग बायको."

त्यांच्या मुलाच्या, म्हणजे भाचीच्या सासऱ्यांच्या नवजोतीला जवळपासचा एकही धर्मगुरू तयार होईना. शेवटी मुंबईहून एक जण आले. खरे तर न्यायालयाने १९०८ सालीच 'पेटिट विरुद्ध जीजीभाई' या प्रसिद्ध खटल्यात मत दिले होते, की पारशी बापाची आणि परक्या आईची मुले रीतसर धर्मात घेतली असतील तर ती पारशीच. वाद निघाला होता टाटांच्या घरातल्या फ्रेंच सुनेवरून. इथून उत्तरेला, गुजरातेतल्या वांसद्याला, १९४२ साली पारशी बाप आणि आदिवासी आया असलेल्या लोकांची सामुदायिक नवजोत झाली तेव्हा केवढा गहजब उडाला होता! आणि हे सारे बापाच्या बाजूने. पारशी मुलीने बाहेर लग्न केले तर गोष्टच वेगळी. वलसाडच्या गुलरुख गुप्ता यांना आईबापांच्या अंत्यविधीला हजर राहता यावे म्हणून थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. २०१७ च्या डिसेंबरात तिथल्या अंजुमनने ती परवानगी देण्याचे मान्य केले.

"तू अग्यारीत जातेस?" मी भाचीला विचारले.

"नाही. मुलगा जातो, हे जातात. मी आणि डोशीमा बाहेर बाकावर बसतो. उदवाड्याला गेलो की डोशीमा सोबत सुपारी आणतात."

मला रागच आला. केवढा हा सोवळेपणा, असे काहीतरी मी बोलू लागलो. भाची काही म्हणाली नाही, नुसते माझ्याकडे पाहत राहिली. मला सात गणपती आठवले आणि मी गप्प झालो. त्या बाकावर निदान सोबत तरी होती.

संध्याकाळी जावई बोर्डीच्या किनाऱ्यावर घेऊन गेला. तिथून आत बारडाचा डोंगर दाखवला. संजाण पडल्यावर पारशांनी आपला पवित्र अग्नी त्याच डोंगरावरच्या लेण्यांत नेऊन बारा वर्षे जपला अशी कथा आहे. संजाण इथून जवळच, गुजरातेच्या हद्दीत. १६०० च्या सुमारास लिहिलेल्या 'किस्सा-ए-संजाण'मध्ये जादी राण्याने निर्वासितांना आसरा देताना घातलेल्या अटी दिल्या आहेत: आपला धर्म समजावून सांगा, इथली भाषा बोला, बायकांनी इथला पोशाख करावा, शस्त्रे टाका आणि लग्ने संध्याकाळी लावा. जावई हसून म्हणाला, "मामा, राजाने पाचच अटी घातल्या. तुमच्या बहिणीने मला सात घातल्या होत्या. त्यांतली एक, चहा बशीत ओतून प्यायचा नाही." ती अट तो पाळत नसल्याचे मी सकाळीच पाहिले होते.

मुलाच्या शाळेची गोष्ट भाचीने तिथेच वाळूत बसून सांगितली. प्रवेशाच्या अर्जात तीन रकाने: धर्म, जात, मातृभाषा. तिने मातृभाषा मराठी लिहिली. कारकुनाने नाव वाचले, मुलाकडे पाहिले आणि मराठी खोडून गुजराती केले. तिने विचारले तर म्हणाला, "इराण्याचा मुलगा ना? मग मराठी कशी?" त्याचा हेतू वाईट नव्हता, तो बिचारा चूक दुरुस्त करत होता! नंतर बाईंनी वर्गात विचारले, "तू नक्की कोण रे?" मुलाने उत्तर दिले, "मी पहिलीतला."

दक्षिण कोरियात परदेशी सुना पुष्कळ आल्या. त्यांतल्या कितीतरी व्हिएतनामच्या, खेड्यांतल्या शेतकऱ्यांकडे दिलेल्या. २००८ साली त्या सरकारने अशा घरांसाठी कायदा केला, भाषेचे वर्ग काढले, मदतकेंद्रे काढली आणि या घरांना 'बहुसंस्कृती कुटुंब' असे चांगले नाव दिले. हेतू उत्तम. पण शाळेत मुले त्याच शब्दाने एकमेकांना चिडवू लागली. ज्या मुलाचा जन्म तिथला, भाषा तिथली, तोही त्या शब्दामुळे वेगळा पडू लागला. मी हे भाचीला सांगितले. ती म्हणाली, "आम्हाला नाव नाही तेच बरं. पण रकाना तरी जरा मोठा ठेवावा."

वसुबारस. त्या दिवशी आपण गाईची पूजा करतो आणि त्याच दिवशी वारली वाघाची करतात. ती वाघबारस. गुजरातीतही तिला वाघबारसच म्हणतात. डोशीमा दरवर्षी या दिवशी माहेरी जातात. त्या म्हणाल्या, "मामाला पण घ्या." सहा जण जीपमध्ये कोंबून आम्ही तलासरीकडे निघालो. वाटेत गिरगाव नावाचे गाव लागले. गिरगावात वाढलेल्या माणसाला ते पाहून काय वाटते हे तिथेच वाढलेल्याला विचारावे! १९६० साली राज्ये वेगळी झाली तेव्हा उंबरगावचा बराचसा मुलूख गुजरातेत गेला. डोशीमांच्या आईचे माहेर तिकडे राहिले, बापाचे इकडे. तलासरी गावात परुळेकरबाईंच्या नावाचे कॉलेज आहे, आणि लाल बावटा अजून घराघरांवर दिसतो.

पाड्यावर डोशीमांचे धाकटे भाऊ वाट पाहत होते. कुडाची भिंत, पुढे शेणाने सारवलेले अंगण. भिंतीला एक तडा होता. २०१८ च्या नोव्हेंबरपासून या भागात भूकंपाचे धक्के बसू लागले आणि महिनोन् महिने बसत राहिले, तेव्हाचा. त्या थंडीत माणसे उघड्यावर झोपत. तेव्हा डोशीमांनी भावाचे सगळे बिऱ्हाड घोलवडच्या अंगणात आणले होते. भाची नवी नवरी होती. ती म्हणाली, "मामा, इराणी, वारली आणि मी, सगळे एका ताडपत्रीखाली. सासूबाई रात्रभर प्रार्थना म्हणत होत्या आणि मामाजी त्यांच्या देवाला हाक मारत होते. मी रामरक्षा म्हटली. धक्का तिघांनाही बसलाच."

जेवायला काकडी किसून, तांदळाच्या पिठात गूळ घालून पानात उकडलेल्या सावेली होत्या, चवळी होती आणि उकडलेले करांदे. भाऊ ऐंशीच्या आसपासचे, थोडे बहिरे. मी त्यांना मोठ्याने विचारले, "ताईंच्या लग्नाला तुम्ही होतात का?"

अंगणात एकदम शांतता पसरली. मला वाटले, आज पुन्हा काहीतरी चुकले. मग डोशीमाच म्हणाल्या, "हा नऊ वर्षं माझ्या दारी आला नाही."

पंचांनी बापाला दंड केला होता. वाडीवर लोक म्हणत, वारलीणीने शेटला भुलवला, आता वाडी खाईल. पाड्यावर लोक म्हणत, शेटने बाई ठेवली ती जमिनीसाठी. तिच्या नावावर आमची शेते घेईल. हा संशय या भागात आजही आहे आणि तो अगदीच बिनबुडाचा नाही. १९७४ पासून महाराष्ट्रात आदिवासीची जमीन सरकारी परवानगीवाचून बिगर-आदिवासीला घेता येत नाही, म्हणून आदिवासी बाईच्या नावाआडून घेणारे लोक निघतात. डोशीमांनी माहेरची एक गुंठाही घेतली नाही. पण नऊ वर्षे कुणी ते पाहायला आले नाही.

"मग आलात कसे?" मी भावांना विचारले.

ते हसू लागले. त्यांचे स्वतःचे लग्न ठरले होते. चौक लिहायला, हळद लावायला नवऱ्याची सवाशीण बहीण हवी. बहीण एकच. पण ती सवाशीण धरायची की नाही, यावर पंच बसले. ठाण्याचा कागद पंचांना मान्य नव्हता. धवलेरीने गाणी म्हणून लावलेले ते लग्न नव्हे. शेवटी धवलेरीनेच तोड काढली. भावाच्या लग्नाआधी बहिणीचे लावून टाकू! वारल्यांत हे नवल नाही. पैशांअभावी लग्न राहून गेलेली जोडपी मुलाबाळांसकट मांडवात बसतात. भाऊ निरोप घेऊन घोलवडला गेले. आणि तो इराणी शेट दोन मुलांना घेऊन पाड्यावर आला, हळद लावून मांडवात बसला आणि धवलेरीने रात्रभर गाऊन त्याचे लग्न लावले. ते म्हातारे गृहस्थ आता हयात नाहीत. पण "शेटला हळद लावली तेव्हा तो रडला," हे सांगताना भाऊ हातांनी डोळे पुसण्याची इतकी हुबेहूब नक्कल करत होते, की मुलगाही हसू लागला.

डोशीमा माझ्याकडे वळल्या. "मामा, तू किती वर्षं नाही आलास?"

"सात."

"याच्यापेक्षा दोन कमी," त्या भावाकडे बोट दाखवून म्हणाल्या आणि माझ्या पानावर आणखी एक सावेली वाढली.

अंधार पडल्यावर तारपा सुरू झाला. भोपळ्याचे ते लांब वाद्य फुंकणारा मधे आणि हातात हात गुंफून नाचणारे त्याच्याभोवती. भाची साडीचा पदर खोचून गोलात शिरली. मुलगा कधीच शिरला होता. जावयाने मला ओढले. माझे पाय दोन फेऱ्यांत थकले, पण हात सोडायची सोय नव्हती. एका बाजूला जावई आणि दुसऱ्या बाजूला भावांची कुणी नातसून.

चौथ्या दिवशी निघालो. चिक्कूची पेटी बॅगेवर बांधून झाली. 'हे कच्चे, हे तीन दिवसांनी, हे मात्र गाडीतच खा' असे डोशीमांनी तीनदा समजावले. बॅग त्यांना उचलू देणार नाही असा माझा निश्चय होता. पण मी चप्पल शोधेपर्यंत त्यांनी ती फाटकापाशी नेऊन ठेवली होती. पुढच्या गणपतीचे आमंत्रण मी फाटकातच तोंडी दिले. भाची म्हणाली, "सगळ्यांना?" मी म्हटले, "जीप भरून."

रिक्षा सुटली. रिक्षावाला तरुण होता, बोलका. आरशातून पाहत त्याने विचारले, "काका, तुम्ही कोण लागता त्यांचे? पाव्हणे मुंबईचे दिसता."

मी सविस्तर सांगायचे ठरवले. म्हटले, माझी भाची मराठी. तिचा नवरा इराणी. त्याची आई उदवाड्याची पारशी. आजी तलासरीकडची वारली. आजा मूळ इराणचा. आणि त्या म्हातारीच्या आईचे माहेर आता गुजरातेत. त्याने सगळे लक्षपूर्वक ऐकून घेतले. नरपडचे वळण आले, त्याने हॉर्न दिला.

"म्हणजे आपल्या घोलवडचेच ना," तो म्हणाला, आणि गाडी गाठायची तर सुटे पैसे आताच काढून ठेवा, अशी त्याने मला आठवण केली.